शोधनिबंध, संगणक आणि आपली जबाबदारी



आपल्या अनेक घरांतून आज पहिल्यांदाच कुणी मुलगा वा मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळत आहे. अशा विद्यार्थ्यापुढे दोन अडचणी हटकून उभ्या राहतात. शोधनिबंध कसा लिहायचा हे सांगणारे घरात कोणी नसते आणि टंकलेखन व मांडणीचा खर्च पेलत नाही. या दोन्ही कामी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक मदतीला आले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ जेमिनी, क्लॉड आदी आले. त्यांचा उपयोग कोठे करावा आणि कोठे थांबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हा साहाय्यक म्हणजे सर्वज्ञ गुरुजी नव्हे. अफाट मजकुरावरून शिकून, एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा तो अंदाज बांधतो. म्हणून त्याचे वाक्य सफाईदार असते. परंतु ते खरे असेलच असे नाही.

प्रथम मांडणीचे पाहू. आपल्या ग्रंथाच्या छपाईचा दर्जा न पटल्याने डोनाल्ड नूथ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७७ मध्ये 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार करण्यास सुरुवात केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर आधारित 'लेटेक' केले. ते विनामूल्य मिळते. प्रकरणांचे क्रमांक, समीकरणे, संदर्भसूची हे सारे ते आपोआप लावते. अडचण एवढीच की, आज्ञा शिकाव्या लागतात आणि एक कंस राहिला तरी काम अडते. येथे साहाय्यक खरा उपयोगी पडतो. चुकीचा संदेश त्याला दाखवावा, तो कारण सांगतो. हाताने काढलेला तक्ता द्यावा, तो आज्ञा लिहून देतो.

मराठीसाठी 'झीलेटेक' वापरावे व युनिकोड टंक निवडावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेला मजकूर मात्र साहाय्यकाला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

आता लेखनाविषयी. मुद्द्यांचा क्रम लावणे, इंग्रजीतील व्याकरण तपासणे, परीक्षक काय विचारतील याची उजळणी करणे, ही कामे त्याच्याकडून खुशाल करून घ्यावीत. संदर्भ मात्र त्याच्या भरवशावर कधीही देऊ नयेत. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे नाव, वर्ष आणि पृष्ठांकही तो बिनदिक्कत देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा काल्पनिक निवाड्यांचे दाखले देणाऱ्या दोन वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५००० डॉलर दंड झाला. ज्यांचा व्यवसायच कायद्याचा, त्यांची ही गत! तेव्हा जो ग्रंथ आपण स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत घालू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द होते. तसेच प्रकाशन-नीतीविषयक आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, यंत्र लेखक होऊ शकत नाही. ते वापरले असल्यास तसे नमूद करावे. यात लाजण्यासारखे काही नाही. लपविण्यात मात्र धोका आहे, कारण निबंधावर नाव आपले असते व तोंडी परीक्षेत उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्यात प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी द्यावी व त्यांचे संदर्भ ग्रंथांशी ताडून पाहण्यास शिकवावे. यंत्र मांडणी करून देईल. खऱ्याखोट्याची पारख मात्र माणसानेच माणसाला शिकवायची आहे.