आधी शिदोरी, मग मिसळ

रविवारी पहाटे सदाशिव पेठेतून टिळक रस्त्याने स्वारगेटकडे निघालेले सायकलस्वार पुण्याला नवे नाहीत. कुणी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन परततं, तर कुणी कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट चढून सुमारे १२० किलोमीटरवरचं महाबळेश्वर गाठतं. पण यांतल्या अनेकांची खाण्याची रीत उलटी असते. निघताना नुसता चहा, वाटेत तर्रीदार मिसळ नाहीतर कांदाभजी, आणि घरी आल्यावर न जेवताच ताणून द्यायची. यात पदार्थांचा दोष नाही, वेळ चुकते. लांब पल्ल्याला लागणारं जवळजवळ सगळं मराठी घरात असतंच. कशाची पाळी केव्हा, एवढंच ठरवावं लागतं.

पोळी, भात, गूळ यांतली कर्बोदकं शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं. साठा जेमतेम अर्धा किलोचा. जोर लावून पेडल मारलं तर दीड-दोन तासांत बराचसा संपतो. १९६७ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाच्या सायकलीवर हे तपासलं. मिश्र आहारावर माणसं सरासरी ११४ मिनिटं टिकली, कर्बोदकं वगळल्यावर ५७ मिनिटांतच थकली, आणि भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर १६७ मिनिटांपर्यंत गेली. म्हणून आदल्या रात्री भात-पोळी हात आखडून खाऊ नये. सकाळी निघण्याआधी दोनेक तास मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप उत्तम, नाहीतर कमी तेलातले पोहे. तेवढा वेळ नसेल तर निदान एक केळं खाऊन निघावं.

वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. गुळपोळीचे चार तुकडे करून कागदात गुंडाळले की जर्सीच्या मागच्या खिशात दिवसभर टिकतात. जोडीला खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. भुकेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन घास खावेत. मिसळ मात्र वाटेत नको: तिच्यातलं तेल आणि कडधान्याचा चोथा पोटात रेंगाळतो, आणि पेडल मारताना रक्ताचा ओढा पायांकडे असल्याने पचन आणखी मंदावतं. बाटलीत लिंबू सरबत भरावं. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ घातलं की बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या जवळपास जातं. नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि अतिपाणी हे त्याचं मोठं कारण होतं.

यावर पहिला आक्षेप वजन घटवणाऱ्यांचा: रिकाम्या पोटी चरबी जास्त जळते. तासाभराच्या संथ फेरीपुरतं ते खरं आहे. पण वजन ठरतं ते दिवसभराच्या एकूण हिशोबावर. घाटात गळाठून नंतर हॉटेलात दुप्पट खाल्लं तर मिळवलं काय? दुसरा आक्षेप असा की एनर्जी जेलच्या पाकिटात मोजमाप नेमकं असतं. बोरघाटात शर्यत लढणाऱ्याला चावायला सवड नसते, त्याने जेल जरूर घ्यावं. पण बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ नुसत्या गोड जेलवर काढला की तोंडाला मिठी बसते. तिथे खारट बटाटाच कामी येतो. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र साखर-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

परतल्यावर तासाभरात जेवावं. थकल्या स्नायूंना भरपाईसाठी कर्बोदकांबरोबर २०-२५ ग्रॅम प्रथिनंही हवीत. वरणभात, वाटीभर मोडाची उसळ, दही आणि पेलाभर दूध यांतून ती मिळतात. मिसळीचा मुहूर्तही हाच. पेठेतल्या मस्तानीलाही आता हरकत नाही. मात्र यातलं काहीही मोठ्या पल्ल्याच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहू नका. आधी खडकवासल्यापर्यंतच्या फेरीत आपल्या पोटाला काय मानवतं ते बघा, आणि मगच घाटाची शिदोरी बांधा.