बेंडायर्स थ्रॅशर का घटतोय?

1872 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फोर्ट लॉवेल या लष्करी तळाजवळ चार्ल्स बेंडायर या अधिकाऱ्याने एक अनोळखी करडा-तपकिरी पक्षी टिपला. तज्ज्ञांना ती आधीच माहीत असलेल्या जातीची मादी वाटली. बेंडायर यांनी नर मिळवून पाठवला, अंड्यांच्या रंगातला आणि सवयींतला फरक कळवला, तेव्हा बेंडायर्स थ्रॅशर ही जात नवी असल्याचे मान्य झाले.

आज हाच पिवळ्या डोळ्यांचा, सलग गोड गाणारा पक्षी झपाट्याने घटतो आहे. गेल्या 50 वर्षांत त्याची संख्या निम्म्याहून खाली आली आहे.

हे कळते कसे? उत्तर अमेरिकेत 1966 पासून विणीच्या हंगामात पक्षीगणना होते. ठरलेल्या रस्त्यावर 50 थांबे, प्रत्येक थांब्यावर 3 मिनिटे. दिसेल आणि ऐकू येईल त्या प्रत्येक पक्ष्याची नोंद. अडचण एवढीच, की वाळवंटातला हा गायक हंगामात लवकर गातो आणि मोजणी सुरू होईपर्यंत बराचसा गप्प झालेला असतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी, आधीची पाहणी लागते.

घट होण्यामागे एकच कारण नाही. चोया निवडुंग आणि युक्काच्या ज्या विरळ माळावर तो घरटे बांधतो आणि जमिनीवर किडे टिपतो, तिथे शहरे, शेते आणि सौरप्रकल्प पसरत आहेत. शिवाय उष्णता वाढली की शरीर थंड ठेवण्यासाठी पक्ष्याला जास्त पाणी खर्चावे लागते, आणि वाळवंटात ते मुख्यतः किड्यांमधूनच मिळते.

सौरऊर्जा हवीच, पण आधीच मोडलेल्या, पडीक जमिनी निवडून ती उभारता येते. जिवंत माळरानाला ‘ओसाड’ समजणे आधी थांबवायला हवे.