दसरा काढला, आता ठेवायचं कुठे?

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की सिल्लोड तालुक्यातल्या गावांत अंगणं भरून जातात. वाकळा, गोधड्या, रिकामे डबे, पितळी पातेली, लोखंडी पेटी, ठिबकच्या गुंडाळून ठेवलेल्या नळ्या, लेकरांची फाटकी दप्तरं, पाय मोडलेली खुर्ची. घरात असेल नसेल ते सगळं बाहेर येतं. याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. वाकळा धुऊन दगडांवर वाळत पडतात, जाळी-जळमटं निघतात, भिंतींना चुना लागतो. दिवस कलल्यावर सामान आत न्यायची वेळ येते आणि दरवर्षीचा पेच पुन्हा पडतो. सकाळी हे सगळं याच घरातून निघालं होतं, मग आता मावत का नाही?

याचं अर्धं उत्तर भिंतीत सापडतं.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवून पाहावं. दगड-मातीची, दीड-दोन हात जाडीची भिंत आणि वर लाकडी तुळया-किलचांवर पांढऱ्या मातीचं धाबं. एवढी जाड भिंत नुसती उभी राहत नसे, ती घराचं सामानही सांभाळत असे. दिव्यासाठी कोनाडा, बरण्यांसाठी फडताळ, विळा-दोर आणि टोपीसाठी खुंट्या, कपड्यांना वलणी, दुधा-दह्याला आढ्याचं शिंकं. धान्य कणगीत नाहीतर बळदात. कोपऱ्यातली उतरंड म्हणजे तर जागेचा हिशेबच: खाली मोठा डेरा, त्यावर क्रमाने लहान होत जाणारी मडकी. एका मडक्याच्या जागेत सहा-सात मडकी बसत आणि वर्षातून एकदा लागणारी वस्तू आपोआप तळाला जाई. जमीन मोकळी राहायची. त्याच खोलीत दिवसा दळण-कांडण आणि रात्री अंथरुणं.

जुन्या घराचं हे कौतुक मर्यादेतच बरं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच दगड-मातीची जड घरं हजारो झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती भिंत परत आणायची नाही. ती जे काम करायची, ते नव्या घरात कोण करणार, एवढाच प्रश्न आहे.

कारण नवं घर आहे पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल. २०१६ पासूनच्या या ग्रामीण योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. सपाट भागासाठी केंद्राच्या योजनेतलं अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्याला रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार जोडले जातात. एवढ्यात भिंती उभ्या राहून स्लॅब पडला तरी घरधनी सुटकेचा निःश्वास टाकतो. कोनाड्याचा विचार कोण करणार? नऊ इंची विटांची सपाट भिंत उभी राहते. ना खुंटी, ना फडताळ, ना माळा. मग घरातली प्रत्येक वस्तू जमिनीवर उतरते आणि माणसांना निजायला जागा उरत नाही.

म्हणून घर आवरायची सगळ्यात स्वस्त वेळ असते गवंडी अजून कामावर असताना. दारावरचं लिंटल ओतताना त्यातूनच दीड-दोन फूट रुंदीचा माळा काढला तर थोडं सिमेंट आणि थोडी सळई जास्त लागते. तोच माळा नंतर करायचा म्हटलं की लोखंडी अँगल, वेल्डिंग आणि वेगळी मजुरी आली. नऊ इंची भिंतीत चार-साडेचार इंच खोल कोनाडा बांधतानाच सोडता येतो. त्यात तेला-मिठाच्या बरण्या, औषधं, मोबाइलचा चार्जर असं सगळं बसतं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली कडप्प्याचे दोन आडवे तुकडे बसवले की पेटीभर भांड्यांची सोय होते. मात्र माळ्याचं आणि कोनाड्याचं गवंड्याशी आणि पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याशी आधी बोलून घ्यावं. कॉलमजवळ किंवा बीमखाली भिंत पोखरायची नसते, आणि बांधून झालेल्या भिंतीत छिन्नी-हातोडी चालवून कोनाडा काढणं हा धोक्याचा उद्योग आहे.

घर बांधून झालेलं असेल तर? तरीही भिंत मोकळीच असते. ओळीने खिळे ठोकलेली एक फळी खुंट्यांचं काम करते. दोन भिंतींमध्ये डोक्याच्या वर आडवा बांबू बांधला की वलणी तयार. स्टीलची मांडणी भिंतीला चढली की ताटं-वाट्या जमिनीवरून उठतात. पत्र्याचे रिकामे तेलाचे डबे कापड लावून ठेवले तर त्यात धुतलेले कपडे घड्या घालून राहतात, आणि जुन्या साडीचा पडदा खालच्या पसाऱ्यावर पांघरूण घालतो. पत्र्याच्या छताखाली मात्र वरच्या जागेचा मोह आवरावा. मे महिन्यात पत्रा असा तापतो की तिथे ठेवलेली औषधं आणि तेल खराब होतं.

मोठी वस्तू विकत घेण्याआधी हिशेब मांडावा, तो कोठीचाच. समजा घरात पाच माणसं आहेत आणि रोज सव्वा किलो धान्य शिजतं. वर्षाला साधारण साडेचार क्विंटल झालं. घरात पाच क्विंटलची कोठी हवी, असं यावरून वाटतं. पण कुटुंबाकडे प्राधान्य गटाचं रेशन कार्ड असेल तर अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य मिळतं. वर्षाचं झालं तीन क्विंटल. साठवायचं उरलं दीड क्विंटल आणि घरची थोडी ज्वारी-बाजरी. दोन क्विंटलच्या कोठीत भागतं. पैसेही वाचले आणि खोलीतला एक कोपराही.

कोठी कुठे ठेवायची, यावर धान्याचं आयुष्य ठरतं. ती विटांवर उचलून, भिंतीपासून हातभर लांब ठेवावी, म्हणजे ओल चढत नाही आणि मागे उंदीर-झुरळ दिसतं. धान्य कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच भरायचं. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, असं शास्त्र सांगतं. घरातली म्हातारी तेच दाणा दाताखाली धरून सांगते: ‘कट्’ आवाज आला तर भरा, दबला तर अजून एक ऊन द्या.

सिल्लोडच्या घरांची खरी परीक्षा पीक घरात आल्यावर होते. तालुका मका, कापूस आणि मिरचीचा. कापसाचा भाव पडला की शेतकरी थांबतो आणि कापूस घरात येऊन बसतो. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव पाहिलेल्या शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून कित्येक महिने कापूस राखून ठेवला. निजायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, अंगाला खाज, लेकरांची अंथरुणं ओट्यावर. त्या काळात चूल, गॅस आणि देवाजवळचा दिवा कापसापासून दूर असायलाच हवा. एक ठिणगी पुरते.

फवारणीच्या औषधांना तर घरात जागाच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त जणांचा जीव गेला. तेच विष घरात कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून धान्याशेजारी ठेवलं जातं, तेव्हा लेकरू त्याला पाणी समजतं. गोठ्यात किंवा बाहेरच्या भिंतीला उंचावर कुलपाची छोटी पत्र्याची पेटी हवी. सामानात सगळ्यात आधी पैसे घालायचे ते या पेटीवर.

पाण्याचंही तसंच. मराठवाड्यात पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून दोनशे लिटरचे ड्रम दाराशी उभे असतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून ड्रम रिकामा करून घासायचा, आणि एरवी तोंडाला जुन्या धोतराचं कापड घट्ट बांधायचं. ड्रम एका ओळीत, नळाजवळ आणि रस्त्यातून बाजूला असले तर हे काम दहा मिनिटांचं होतं.

आणि एक वस्तू, जी कुठेच दिसत नाही पण ऐनवेळी सगळं घर उलथंपालथं करायला लावते: कागद. सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, पासबुकं, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पीक विम्याची पावती. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा कितीतरी घरांत पेट्या उपसल्या गेल्या. एक कागद सापडला नाही तर सिल्लोडची खेप, एस.टी.चं तिकीट आणि बुडालेला रोज असा खर्च पडतो. त्यापुढे चेनची एक जाड प्लास्टिकची पिशवी, प्रत्येक माणसाच्या नावाचा वेगळा कप्पा आणि दोन-दोन झेरॉक्स, हे फारच स्वस्त. पिशवी माळ्यावर नको. भिंतीच्या कोनाड्यात, पाणी पोहोचणार नाही आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल अशा जागी हवी.

हे सगळं ठरवायला दसरा काढण्यासारखी दुसरी संधी नाही, कारण तेव्हाच सगळं एकदम उघड्यावर असतं. आत नेण्याआधी अंगणातच तीन ढीग करता येतात: रोज लागणारं, वर्षाकाठी लागणारं आणि गेल्या दसऱ्यापासून हातच न लागलेलं. तिसरा ढीग बोहारणीला किंवा भंगारवाल्याला जातो आणि त्यातून एखादं पातेलं किंवा चार पैसे येतात. दुसरा माळ्यावर. पहिला खुंट्यांवर आणि मांडणीत.

एवढं झाल्यावर खोलीचा एक कोपरा रिकामा उरतो. लेकरं तिथे खेळायला धावतात, पण घरातली बाई त्यांना तिथे पसारा करू देत नाही. दसऱ्यानंतर शेतात सीतादहीची पूजा होईल, वेचणी सुरू होईल, आणि कापसाच्या पहिल्या गाठोड्याला तोच कोपरा लागणार आहे.