पिकाचा अंदाज व डॉ. सुखात्मे यांचें गणित

वलवणच्या भातखाचरांतून हिंडलेल्या कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे कीं, बांधालगतचें भात व खाचराच्या मध्यावरचें भात सारखें नसतें. आणि डोंगराच्या पायथ्याशीं पाण्याखालीं कुजलेलें खाचर सडकेवरून दिसत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. नोकरीच्या आरंभीं एका सालीं पैसेवारीच्या पाहणींत आम्हीं सडकेलगतचीं चांगलीं खाचरें तेवढीं पाहिलीं. आंकडा पन्नास पैशांच्या वर गेला व पायथ्याच्या लोकांची सवलत हुकली. लबाडी कोणीच केली नव्हती. दोष निवडीचा होता. हा दोष टाळण्याचें शास्त्र ज्यांनीं आपल्या देशांत वाढविलें, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें नांव मोठें आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनला गेले व १९३६ सालीं त्यांनीं तेथील विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. परत आल्यावर कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या अखिल भारतीय संस्थेंत ते १९३९-४० मध्यें जीवसंख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. रोग, जन्म व मृत्यु यांच्या आंकड्यांवरून अनुमान काढणें, हा त्या शास्त्राचा विषय. १९४० पासून ते दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेंत गेले. शेतीप्रमाणेंच पशुसंवर्धनाच्या प्रयोगांसही गणिताची जोड देणें, हें तेथील संख्याशास्त्र विभागाचें काम होतें.

माणसाचा ताप, म्हशीचें दूध व भाताचा उतारा एकाच गणितांत कसे बसतात, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. गोठ्यांतील उत्तम म्हैस पाहून गांवाचें दूध सांगणें व सडकेचें खाचर पाहून गांवाचें पीक सांगणें, ही एकच चूक होय. निवड चिठ्ठी टाकून केली म्हणजे प्रत्येक खाचरास सारखी संधि मिळते. मग थोड्या मापांवरून सगळ्या गांवाचा अंदाज बांधतां येतो, आणि तो कितपत चुकण्याचा संभव आहे हेंही सांगतां येतें.

चिठ्ठीनंतरही एक अडचण उरते. कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास उतारा वाजवीपेक्षां जास्त येतो, असें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखविलें. कडेवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर, अशा संशयांत माणूस तें आंत धरतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड प्रमाणानें मोठी!

१९५१ पासून वीस वर्षें ते रोम येथें जागतिक अन्न व कृषि संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. पुढें पुण्यास येऊन त्यांनीं पोषणाचा अभ्यास केला. अन्नाची गरज माणसागणिक, इतकेंच नव्हे तर एकाच माणसाच्या ठायींही, कमीजास्त होते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मोजणें चूक, असें त्यांचें म्हणणें. पुण्याच्याच वि. म. दांडेकर यांनीं त्यास विरोध केला. आम्हांस वाटतें, हा वाद निव्वळ विद्वानांचा नव्हे; आंकडा फुगला तर मदत भलतीकडे जाते, आटला तर भूक झांकली जाते. सुखात्मे १९९७ सालीं पुण्यास निवर्तले.

पीकविम्याच्या हिशेबांत आज कापणी-प्रयोगाचें माप मोलाचें झालें आहे. म्हणून सभासदांस आमची विनंति आहे कीं, प्रयोगाच्या दिवशीं हजर राहावें. चिठ्ठीनें ठरलेलें शेत चिखलाचें किंवा आडवाटेचें म्हणून बदलूं देऊं नये. चारी खुंट्या व ताणलेली दोरी पाहावी आणि वजन आपल्या डोळ्यांदेखत व्हावें. आम्हीं एकदां सडकेवरून पीक पाहिलें; तें कोणीं पुन्हा करूं नये.