कात्री कीं गाळणी?



मोठ्या उद्योगसंस्थेचा खर्च कसा कमी करावा व काम कसें सुधारावें, हा आजच्या भाषणाचा विषय. पस्तीस वर्षें खडू झिजविलेल्या मास्तरानें कारखान्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु चुकलेलें उत्तर नुसतें खोडून भागत नाहीं, कोणत्या पायरीवर चूक झाली तें शोधावें लागतें, हा धडा जसा वर्गांतला तसाच कारखान्यांतला आहे.

मी शिकवीत होतों त्या एका शाळेंत काटकसर म्हणून एक शिपाई कमी केला. त्या वर्षीं कौलें शाकारावयास कोणी नव्हतें. पावसाळ्यांत छप्पर गळलें आणि भूगोलाचे सारे नकाशे भिजून गेले. वाचविलेल्या पगाराहून ते नकाशे महाग पडले. कात्री चालविणें सोपें; ती कशावर चालली हें मागाहून कळतें.

आतां हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहूं. जपानांतील टोयोटा मोटार कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या आर्थिक अडचणींत सांपडली. १९५० सालीं सुमारें २,००० कामगारांस कंपनी सोडावी लागली, संप झाला, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीं अध्यक्षपदाचा त्याग केला. कात्रीची किंमत धन्यासहि द्यावी लागली. याच कंपनींत ताइइची ओनो या अधिकाऱ्यानें युद्धोत्तर काळांत खर्चाचें मूळ शोधण्याची पद्धति घडविली.

व्यर्थ खर्चाचे सात प्रकार त्यानें सांगितले: गरजेहून अधिक उत्पादन, वाट पाहणें, निष्कारण ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, अनावश्यक साठा, व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. यांत पहिला प्रकार सर्वांत घातक. कारण अधिक मालास कोठार लागतें, कोठारास राखणदार लागतो, आणि मालांतील दोष कोठारांतच झांकून राहतो. यावर उपाय चिठ्ठीचा. घरांतला डबा रिता होऊं लागला म्हणजे वाण्याकडे यादी जाते, त्याप्रमाणें पुढील विभागानें सुटे भाग उचलले म्हणजे मागील विभागास चिठ्ठी मिळते, आणि तेवढेच नवे भाग तयार होतात.

दुसरें तत्त्व असें कीं, दोष जेथें दिसेल तेथेंच थांबावें. किइचिरोंचे वडील साकिची यांनीं १९२४ सालीं पूर्णत्वास नेलेला माग धागा तुटतांच आपोआप थांबत असे. मोटारींच्या कारखान्यांत तसाच दोर कामगाराच्या हातीं दिला. तो ओढतांच मदत येते, आणि दोष वेळेंत दूर न झाल्यास कामाची सारी रांग थांबते. हा खोळंबा नुकसानीचा वाटतो. पण ग्राहकाच्या घरीं गेलेला दोष त्याहून महाग असतो.

तिसरें तत्त्व पांच वेळां ‘कां?’ विचारण्याचें. ओनोचेंच उदाहरण घ्या. यंत्र बंद पडलें. कां? भार वाढून विजेचा फ्यूज जळाला. भार कां वाढला? बेअरिंगला तेल पुरलें नाहीं. कां? तेलाचा पंप पुरेसें तेल ओढीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. कां झिजला? गाळणी नसल्यानें धातूचा चुरा आंत गेला. नवा फ्यूज घालून यंत्र चाललें असतें, आणि पुन्हां बंद पडलें असतें. खरा इलाज एका लहानशा गाळणीचा!

परंतु ती गाळणी नाहीं हें सांगणार कोण? यंत्रापाशीं उभा असलेला कामगार. त्याच्या सूचनेनें त्याचीच भाकरी जाणार असेल, तर तो तोंड कां उघडील? कॅलिफोर्नियांतील फ्रीमाँट येथें याचें उत्तर मिळालें. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ सालीं बंद पडला, आणि १९८४ सालीं टोयोटाच्या भागीदारींत पुन्हां सुरू झाला. कामगार बहुतांशीं जुनेच होते. त्यांच्या संघटनेशीं करार झाला कीं, संस्थेचें अस्तित्वच धोक्यांत आल्यावांचून कोणास काढावयाचें नाहीं, आणि तसा प्रसंग आलाच तर आधीं वरिष्ठांचे पगार कमी करावयाचे. पुढें मागणी घटली तेव्हां रिकाम्या हातांना शिक्षण दिलें, निरोप दिला नाहीं. ज्या माणसांना कुचकामी म्हटलें जाई, त्यांनींच उत्तम गाड्या बनविल्या. जनरल मोटर्स भागीदारींतून निघाल्यावर २०१० सालीं तो कारखाना बंद झाला. धडा मात्र उरला.

येथें एक इशाराहि द्यावयास हवा. १९९७ सालीं ब्रेकचा एक भाग पुरविणाऱ्या कारखान्यास आग लागली, आणि साठा थोडा असल्यामुळें टोयोटाचे जपानांतील बहुतेक कारखाने कांहीं दिवस थांबले. अडगळ निराळी आणि आपत्काळची बेगमी निराळी, हा विवेक सुटतां कामा नये.

तेव्हां ज्यांच्या हातीं मोठ्या संस्थांचे हिशेब आहेत, त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे: कात्री उचलण्यापूर्वीं गाळणी कोठें नाहीं तें पाहावें, आणि तें काम करणाऱ्यासच विचारावें, परंतु निर्भयपणें सांगण्याची हमी त्यास आधीं देऊन.