खेड्यातल्या पोराने माजी जगज्जेत्याला हरवले!

शेतकरी बंधूंनो, पारावर बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्यांना आपण रिकामटेकडे म्हणतो. पण मीर सुलतान खानची हकिकत ऐका. पंजाबातलं मिठ्ठा हे त्याचं खेडं आज पाकिस्तानात आहे. तो देशी पद्धतीचा खेळ शिकला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. जमीनदार सर उमर हयात खान यांनी १९२९ साली त्याला विलायतेला नेलं. त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला. पुढं १९३२ आणि १९३३ सालीही.

हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत समोर बसला क्यूबाचा माजी जगज्जेता कॅपाब्लांका. सुलतानचं पुस्तकी ज्ञान कमी, पण चिकाटी दांडगी. घाई न करता त्यानं ६५ चालींत डाव जिंकला.

१९३३ अखेर जमीनदार परतले, तोही परतला. १९३५ साली खाडिलकरांशी दहा डाव झाले. एक बरोबरीत सुटला, बाकी यानं मारले. मग पट मिटला, शेती राहिली. १९६६ साली तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ साली!

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, आपल्या गावातलं असं पोर वेळेवर हेरा. त्याला कुणाच्या मर्जीवर सोडू नका.