दवाखान्यातले आकडे : भाग 9 — कूस कोणी बदलली?

लामत्याला मामांची कूस बदलायला हात लावला, तेव्हा माकडहाडाशी रुपयाएवढा लालसर डाग दिसला. खुब्याचं ऑपरेशन करून, मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात बारा दिवस राहून ते गोंदियामार्गे जीपने नुकतेच घरी आले होते. सुटीच्या कागदावर टाके, गोळ्या, रक्तदाब, सगळं होतं. पाठीबद्दल अक्षर नव्हतं. मामी म्हणाली, "चादरीचा वळ असंल. तेल चोळते."

चोळू नको, म्हटलं. हाड आणि गादी यांच्यात कातडी तासन्‌तास चिमटली की तिथलं रक्त थांबतं आणि आतलं मांस मरायला लागतं. त्यावर रगडणं म्हणजे दुखऱ्या जागेला आणखी दुखवणं. बोटाने दाबून पाहिलं. साधा वळ दाबला की फिका पडतो, सोडला की भरतो. हा फिका पडेना. शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोरची, पहिली पायरी ती हीच. कातडी अजून फुटलेली नसते, म्हणून घरातलं कोणी तिला जखम म्हणत नाही.

मामांचा डाग कुठल्या हिशेबात धरायचा? 2020 साली जगभरातल्या 39 पाहण्या एकत्र करून पंचवीस लाखांहून जास्त प्रौढ रुग्णांचा ताळा मांडला गेला. दवाखान्यात भरती असलेल्यांपैकी 12.8 टक्क्यांना, म्हणजे साधारण आठांत एकाला, असा व्रण होता. पण यात घरून व्रण घेऊन आलेलेही आले. भरती झाल्यावर व्रण झालेले 8.4 टक्के निघाले. अतिदक्षता विभागाचं चित्र वेगळं. 90 देशांतल्या तेरा हजारांवर रुग्णांच्या पाहणीत तिथे दर चौघांत एकाहून जास्त जणांना व्रण होते.

आता आपल्याकडचं पाहा. वाराणसीच्या विद्यापीठ रुग्णालयातली पाहणी 2005 साली छापून आली. 445 रुग्णांत 22, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे कमीच. खूश व्हायचं का? रुग्णांचं वय कमी असेल, मुक्काम थोडा असेल, तर आकडा खरोखरच उतरतो. पण जागतिक ताळ्यात सापडलेल्या व्रणांपैकी सुमारे 43 टक्के पहिल्याच पायरीचे होते, आणि सावळ्या कातडीवर ती लाली सहज दिसत नाही. तिथे रंगावर न जाता हाताने चाचपावं लागतं: जागा भोवतीपेक्षा गरम आहे का, टणक आहे का, की पिचपिचीत झाली आहे. एवढं न करता मोजलं तर यातले बरेच व्रण मोजणीच्या आधीच गळू शकतात. म्हणून कुठल्याही दवाखान्याने आपला कमी आकडा दाखवला की मी आधी विचारतो, पाठ उघडून पाहिली कोणी?

आपल्या वॉर्डांत तर कूस बदलणारा बहुतेक वेळा नातेवाईकच. कसं वळवायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पूर्ण कुशीवर टाकलं की भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवायचं. पोटरीखाली दुसरी उशी, टाच अधांतरी. रबरी चकतीवर बसवायची जुनी सवयही सोडायची, कारण तिच्या कडेनेच रक्त अडतं.

मामीने एवढं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या लाला रामस्वरूप कॅलेंडरवर पेन्सिलने लिहायला लागली. सहा वाजता डावी. आठ वाजता उजवी. दहाच्या खणात नुसतीच फुली होती. "तवा मी झोपले होते," ती म्हणाली.